खंडी, टन आणि छत्तीस घनफूट

कोकणचा इतिहास आपल्याकडे बहुधा किल्ल्यांवरून लिहिला जातो. रत्नदुर्ग, जयगड, विजयदुर्ग कोणी बांधले, कोणी घेतले, कोणाच्या हातून गेले, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. किल्ल्याखालच्या खाडीत उभ्या असलेल्या गलबताच्या पोटात काय होते, किती होते आणि ते ‘किती’ कोणी ठरवले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आम्ही रत्नागिरीचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या या गलबतांवर राबलो. कोणी नाखुदा होते, कोणी तांडेल, कोणी सारंग, बहुतेक जण नुसते खलाशी. म्हणून हा प्रश्न आम्ही विचारला पाहिजे. जहाजात माल किती मावतो हा वरवर पाहता गणिताचा प्रश्न आहे. त्याचा इतिहास पाहू लागलो की दिसते, माप ज्याच्या हाती असते तोच मालाची जागा ठरवतो आणि माणसाचीही.

खंडीचा हिशेब

‘खंडीभर कामे पडली आहेत’ असे आपण आजही म्हणतो. ही खंडी म्हणजे वीस मण. आपल्या किनाऱ्यावर गलबताचा मोठेपणा खंडीतच सांगत. अमक्याचा मचवा शंभर खंडीचा, तमक्याची फत्तेमारी पाचशे खंडीची. लांबी-रुंदी कोणी सांगत नसे. गलबत म्हणजे त्यात मावणारा माल, अशी ही भाषा होती.

खंडी ही एक चीज नव्हती, यातच सगळी मेख होती. धान्य पायलीने, म्हणजे मापाने मोजत. इतर जिन्नस तराजूने, म्हणजे वजनाने. मण दोन्हीकडे होता, खंडीही दोन्हीकडे होती. शिवाय गावोगावचा मण वेगळा. मुंबईच्या बाजारातला मण २८ रत्तली पौंडांचा धरत, म्हणून खंडी ५६० पौंडांची. पण त्याच मुंबईत कापसाची खंडी ७८४ पौंडांची होती. ती आजही जिवंत आहे. कापसाचे भाव आपल्या देशात अजून खंडीवर बोलले जातात आणि ती खंडी सुमारे ३५६ किलोंची असते. इंग्रजी टन २,२४० पौंडांचा. म्हणजे मुंबईच्या साध्या चार खंड्यांचा बरोबर एक टन. शंभर खंडीचा मचवा पंचवीस टनांचा. हा हिशेब सोपा असल्यामुळे तो पुढे सरकारी कागदांत सहज शिरला. मात्र कापसाच्या खंडीने मोजले तर तेच शंभर पस्तीस टन होतात. तेव्हा ‘किती खंडी’ याआधी ‘कुठली खंडी’ हे ठरवावे लागे आणि भाड्याची निम्मी घासाघीस इथेच होई.

वजन आणि जागा

जहाजात माल भरणाऱ्याला दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. पहिली वजनाची. ठरावीक ओझ्यापलीकडे गेले की गलबत पाण्यात जास्त बसते आणि लाट आत येऊ लागते. दुसरी जागेची. फालका भरला की भरला, वर एक पोतेही जात नाही. या दोन मर्यादा एकाच वेळी गाठल्या जातात असे क्वचितच होते. मीठ, कौले, जांभा दगड भरला तर गलबत वजनाने भरते आणि अर्धा फालका रिकामा राहतो. काथ्या, गवत, लाकडाचा कोळसा भरला तर फालका तुडुंब होतो आणि गलबत पाण्यावर हलकेच राहते. एक टन तांदळाला पोत्यांत साधारण सव्वा ते दीड घनमीटर जागा लागते. कापसाला त्याच्या दुपटीच्या आसपास. लोखंडाच्या खनिजाला अर्धा घनमीटरही पुरे.

म्हणून कसबी नाखुदा जड आणि हलका माल एकत्र भरी. जड तळाशी, हलका वर. तळ जड असला की गलबत हेलकावा खाऊन पुन्हा सरळ होते. तळ हलका आणि डोके जड झाले की एका वाऱ्यात कलंडते. माल नसेल तर दगड किंवा वाळू भरत, त्याला नीरम म्हणत. मंगळुरी कौले घेऊन वर येणाऱ्या फत्तेमाऱ्यांना नीरमाची गरज नसे, कौलेच ते काम करत. ओला होऊन फुगणारा माल कुठे, वास धरणारा कुठे, पहिल्या बंदरात उतरवायचा माल सर्वांत शेवटी कसा भरायचा, हे सगळे त्या हिशेबात येई. आज याला कंटेनर प्लॅनिंग म्हणतात आणि त्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. आमच्या वाडवडिलांपाशी ते अनुभवातून आले. पाण्याची रेघ फळीवर कुठे आली हे पाहून किती खंडी चढली ते सांगणारी माणसे किनाऱ्यावर होती.

हे काम किती विभागलेले होते हे ‘आईन-इ-अकबरी’त दिसते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने जहाजावरच्या माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. नाखुदा जहाजाचा धनी, मुअल्लिम दिशा आणि ताऱ्यांचा जाणकार, तांडेल खलाशांचा मुख्य. नाखुदा-खशब उतारूंना जळण आणि गवत पुरवी आणि माल चढवण्या-उतरवण्यास मदत करी. सरहंग जहाज लावणे-हलवणे पाही, भंडारी कोठी सांभाळी, करानी हिशेब लिही आणि पाणी वाटी. सुक्कानगीर सुकाणूवर, पंजरी डोलकाठीवर, गुमटी आत आलेले पाणी उपसायला. मग गोलंदाज आणि शेवटी खारवे. यांतले सारंग, तांडेल, नाखवा, भंडारी हे शब्द आज कोकणात आडनावे होऊन बसले आहेत. आडनाव उरले, पण त्यामागची विद्या काय होती ते आमच्याच मुलांना सांगता येत नाही.

मोजणाऱ्याचे राज्य

बहमनी काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन चौलला उतरला आणि परतताना दाभोळहून जहाजावर चढला. या बंदरात अरबस्तान, खुरासान, मिसर येथून घोडे येतात असे त्याने लिहून ठेवले आहे. घोडा हा जहाजावरचा सर्वांत महागडा माल. त्याला केवळ उभे राहायला जागा पुरत नाही. त्याचे पाणी आणि वैरण यांनाही जागा द्यावी लागते आणि प्रवास जितका लांब तितकी ती जागा वाढते. घोड्याच्या जहाजाचा हिशेब धान्याच्या जहाजाच्या हिशेबापेक्षा कितीतरी अवघड होता. तो करणारी माणसे दाभोळ, चौल, राजापूरच्या खाड्यांत येत-जात होती आणि त्यांच्याबरोबर नाखुदा, लंगर, बंदर, सुकाणू हे शब्दही आले. ते आज इतके मराठी झाले आहेत की परके वाटत नाहीत.

पोर्तुगीज आले आणि मोजणीचा अर्थ बदलला. १५०८ च्या डिसेंबरात फ्रान्सिस्को द आल्मेदाने दाभोळ जाळले. त्यानंतर समुद्रात जायचे तर पोर्तुगीजांचा परवाना हवा असे झाले. त्याला कार्ताझ म्हणत. जहाज कोणाचे, त्याचा नाखुदा कोण, ते केवढे, त्यावर हत्यारे किती, माल कुठला आणि ते कुठे जाणार, हे त्यावर लिहिलेले असे. त्यांच्या कागदांत आपली खंडी ‘कांदील’ होऊन गेली. माप आपलेच राहिले, पण मोजणारा बदलला. पूर्वी गलबत किती खंडीचे हे भाडे ठरवण्यासाठी विचारत, आता ते समुद्रावर असण्याचा हक्क आहे की नाही हे ठरवण्यासाठी विचारू लागले.

पुढे मराठी आरमार उभे राहिले. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग हे सरदार होते. दर्यासारंग या नावातच समुद्र आणि सारंग दोन्ही आहेत. आंग्रे यांच्या काळात गुराबा आणि गलबतांनी इंग्रजांना किनाऱ्यावर बेजार केले. त्या जहाजांचा आकार आज आपण कशात सांगतो? टनात. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात लिहून ठेवले की गुराबा क्वचितच तीनशे टनांपलीकडे जातात आणि गलबते क्वचितच सत्तर टनांपलीकडे. तेच आकडे आमच्या पुस्तकांत आले. ज्यांनी ती बांधली आणि हाकली त्यांनी ती टनात कधी मोजली नव्हती.

टन म्हणजे काय

हा टनही मुळात वजन नव्हता. युरोपात दारू मोठ्या पिंपांतून जाई आणि इंग्रजी पिंपाला ‘टन’ म्हणत. त्यात २५२ गॅलन मावत. जहाजात किती पिंपे मावतात ते त्याचे टन. म्हणजे आपली खंडी आणि त्यांचा टन यांची जात एकच. दोन्ही मालापासून निघालेली मापे. फरक पडला तो पुढे, जेव्हा राज्याला जहाजावर कर बसवायचा होता आणि प्रत्येक वेळी पिंपे भरून पाहणे शक्य नव्हते.

तेव्हा सूत्र आले. इंग्लंडच्या १७७३ च्या कायद्याने ठरवले की जहाजाच्या लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करावेत, आलेल्या आकड्याला रुंदीने गुणावे, पुन्हा रुंदीच्या निम्म्याने गुणावे आणि ९४ ने भागावे. साठ फूट लांब आणि सोळा फूट रुंद जहाज धरू. सोळाचे तीन पंचमांश ९.६. साठातून गेले की ५०.४. गुणिले सोळा, गुणिले आठ, भागिले ९४. उत्तर साडेअडुसष्ट टन. या सूत्रात खोलीचा पत्ताच नाही. खोली रुंदीच्या निम्मी असणार असे गृहीत धरलेले. परिणाम काय झाला? कर रुंदीवर बसतो म्हणून मालकांनी अरुंद आणि खोल जहाजे बांधायला सुरुवात केली. कागदावर टन कमी, पोटात माल जास्त. अशी जहाजे समुद्रात वाईट चालत, वाऱ्यात कलंडत आणि त्यांतले खलाशी बुडत. एका चुकीच्या सूत्राची किंमत माणसांनी मोजली.

त्यावर उतारा आला १८५४ मध्ये. जॉर्ज मूरसम यांच्या पद्धतीने जहाजाचे पोट आतून, ठरावीक अंतरांवर, खरोखरच मोजायचे आणि दर शंभर घनफुटांना एक ‘रजिस्टर टन’ म्हणायचे ठरले. शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. हा टन पूर्णपणे जागेचा, वजनाशी त्याचा संबंध नाही. भाड्यासाठी व्यापाऱ्यांनी आणखी एक टन ठेवला, तो चाळीस घनफुटांचा. हलक्या मालाचे भाडे त्यावर घेत. असे तीन टन झाले, एक वजनाचा, एक कराचा, एक भाड्याचा. आमच्या खंडीला गोंधळाचे माप म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हा कायदा कोकणातही पोचला. मुंबई इलाख्यातल्या किनारी गलबतांच्या नोंदणीसाठी १८३८ मध्येच कायदा झाला होता. १८८० मध्ये निघालेल्या रत्नागिरीच्या गॅझेटिअरात जिल्ह्याची बंदरे, त्यांचा माल आणि गलबते यांची तपशीलवार नोंद आहे. त्या काळच्या रत्नागिरीचा अभ्यास करायचा तर ते पुस्तक टाळून चालत नाही. तरी त्याची दृष्टी जकात नाक्याची आहे. किती माल गेला ते त्यात सापडते. तो कोणी, कसा, कुठल्या अकलेने भरला ते सापडत नाही.

छत्तीस घनफूट

आगबोटी आल्या आणि १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला. शिडाच्या गलबतांचा लांबचा धंदा हळूहळू बसला. रत्नागिरी, दापोली, खेड, चिपळूण, राजापूरकडची मुसलमान माणसे मुंबईला जाऊन गोऱ्यांच्या बोटींवर चढली. पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या डेकवर कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते. त्यांना लष्कर म्हणत. सारंग गावातून माणसे घेऊन जाई, त्यांची भाषा बोले, त्यांचा पगार त्याच्या हातून जाई. ही भाषा इंग्रज अधिकाऱ्यांना शिकावी लागे. थॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्याहून खास त्यासाठी इंग्रजी-हिंदुस्थानी नौका-कोश छापला होता.

ज्या पद्धतीने जहाजाचे पोट मोजले जाई त्याच पद्धतीने खलाशाची राहण्याची जागाही मोजली जाई. खलाशांच्या खोलीवर कर लागत नसे, ती जागा टनातून वजा होई. पण तिथे माल भरता येत नसे. म्हणून ती जितकी कमी तितकी मालकाच्या सोयीची. १८९४ च्या ब्रिटिश मर्चंट शिपिंग कायद्याने प्रत्येक खलाशासाठी किमान ७२ घनफूट आणि पायाखाली १२ चौरस फूट जागा ठरवली. हे गोऱ्या खलाशासाठी. हिंदुस्थानी लष्करासाठी हिंदुस्थानातल्या नियमाप्रमाणे ३६ घनफूट आणि ६ चौरस फूट. बरोबर निम्मी. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाची जागा वाढवून १२० घनफूट केली. लष्कराला त्यातून वगळले, त्याचे छत्तीस ते छत्तीसच राहिले. या माणसांची राहणीच अशी आहे, त्यांना एवढी जागा पुरते, असे मालकांच्या बाजूने सांगितले जाई.

छत्तीस घनफूट म्हणजे किती? सहा फूट लांब, एक फूट रुंद जमीन आणि वर सहा फूट उंची. अर्थात कोणी एक फूट रुंदीत झोपत नव्हते. एकावर एक फळ्या टाकून झोपत. आता हा आकडा भाड्याच्या टनाशेजारी ठेवू. भाड्याचा टन चाळीस घनफुटांचा. म्हणजे एक टन मालाला जहाजात जेवढी जागा मोजून देत, तेवढीही ती बोट चालवणाऱ्या माणसाला कायद्याने मिळत नव्हती. चार घनफूट कमीच. आजच्या मापात सांगायचे तर छत्तीस घनफूट म्हणजे १.०२ घनमीटर. माल पाठवणारी मंडळी आज ज्याला एक सीबीएम म्हणतात, ती एका लष्कराची कायदेशीर जागा होती.

याच माणसांनी दोन महायुद्धांत बोटी चालवल्या. बॉयलरपाशी आणि डेकवर राहून पाणतिरांचा मारा सोसला. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २,००० हून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहे? आमच्या जमातीतल्याही किती जणांना ठाऊक आहे?

या इतिहासाचा पुढचा आकडाही सांगितला पाहिजे, कारण तो चांगला आहे. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याप्रमाणे नव्या बांधलेल्या ३,००० टनांखालच्या मालवाहू जहाजावरही एका माणसाच्या खोलीला किमान ४.५ चौरस मीटर जमीन हवी. मोठ्या जहाजांवर त्याहून जास्त. लष्कराचे सहा चौरस फूट म्हणजे ०.५६ चौरस मीटर. साधारण आठपट फरक पडला. तो आपोआप पडला नाही. खलाशांच्या संघटना, संप आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतली दशकांची खटपट त्यामागे आहे.

पेटीचे युग

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. तिथून कंटेनरचे युग सुरू झाले असे मानतात. पुढे पेट्यांची मापे जगभर एक झाली. आपल्याकडे न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि कोकणातला निर्यातीचा माल तिकडे जाऊ लागला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रत्नागिरीचा माल रत्नागिरीच्या समुद्रातून न जाता जमिनीवरून न्हावाशेव्याला जातो आणि तिथे समुद्राला लागतो. जयगडला २००९ पासून मोठे खासगी बंदर आहे, पण त्याचा भर कोळशासारख्या सुट्या मालावर आहे. मिरकरवाडा मासळीचे बंदर म्हणून गजबजलेले असते. राजिवड्याच्या आणि भाट्याच्या खाडीत मालाच्या शिडांचे दिवस मात्र राहिले नाहीत.

पेटीचा हिशेब आज आमच्या तरुणांनी शिकून घेण्यासारखा आहे. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. गुणाकार ३३ घनमीटर. काजूगर किंवा कोकमाचे एक खोके धरू, ५० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ३० उंच. त्याचे घनफळ ०.०५२५ घनमीटर. भागाकार केला तर ६३१ खोकी बसतील असे उत्तर येते. नवा माणूस तेवढ्या खोक्यांचा सौदा करून बसतो. प्रत्यक्षात लांबीत ११ खोकी बसतात, रुंदीत ६, उंचीत ७. एकूण ४६२. खोके अर्धे कापून भरता येत नाही, म्हणून उरलेली फट वाया जाते. खोकी आडवी फिरवली तर लांबीत १६, रुंदीत ४, उंचीत ७, म्हणजे ४४८. तेव्हा पहिली मांडणी बरी. घनफळाच्या भागाकाराने कधीच जहाज भरत नाही, मांडणीने भरते.

भाड्यातही जुनीच रीत आहे. अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये जातो तेव्हा एक घनमीटर आणि एक हजार किलो यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडे लागते. सहा घनमीटर जागा खाणारा एक टन काथ्या सहाच्या हिशेबाने भरतो. डबाबंद आमरस जड, तो वजनाने भरतो. फालक्यात मीठ आणि काथ्याचा जो जुना तिढा होता तोच हा. आंब्याचा हिशेब आणखी नाजूक. फळ श्वास घेते, म्हणून खोक्यांमधून गार हवा फिरायला जागा सोडावी लागते आणि तीही भाड्याची जागाच. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीचा आधार घेऊन २०२२ मध्ये महाराष्ट्रातून समुद्रमार्गे आंबा अमेरिकेला पोचला. विमानाच्या भाड्यापुढे हापूसचा बागायतदार हतबल होतो, त्याच्या दृष्टीने ही वाट महत्त्वाची आहे.

आणि खोटे माप आजही माणसे मारू शकते. जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नेपोली’ हे कंटेनरचे जहाज इंग्लिश खाडीजवळ वादळात फुटले. सुदैवाने माणसे वाचली. नंतर डेकवरच्या ६६० पेट्यांचे वजन केले तेव्हा १३७ पेट्यांची नोंद तीन टनांहून अधिक चुकलेली निघाली. पेटी बंद असते, आत काय आणि किती हे पाठवणारा सांगेल तेच खरे. नाखुदाला आपला माल डोळ्यांसमोर दिसे, कंटेनर जहाजाच्या कप्तानाला फक्त कागद दिसतो. म्हणूनच १ जुलै २०१६ पासून भरलेल्या प्रत्येक पेटीचे प्रत्यक्ष वजन करून दाखला दिल्याशिवाय ती जहाजावर चढवू नये असा जागतिक नियम झाला. एका चुकीच्या आकड्याने सबंध जहाजाचा तोल जातो, हे आमचे तांडेल कागदाशिवाय जाणून होते.

आपण काय जपणार

या साऱ्या इतिहासात आमच्या बाजूचे कागद फार थोडे आहेत. सरकारी नोंदी सरकारच्या मापात आहेत, कंपन्यांच्या नोंदी कंपन्यांच्या मापात. आमच्या घरांत मात्र अजून काही उरले असेल. पेटाऱ्यात एखादी वही असेल, मोडीत, उर्दूत किंवा गुजरातीत लिहिलेली, कुठल्या बंदरात किती खंडी उतरवली याची. आजोबांचे सी.डी.सी.चे पुस्तक असेल, त्यात बोटींची नावे आणि तारखा असतील. फालक्यातल्या कामाचे शब्द माहीत असलेले म्हातारे एखाद्या मोहल्ल्यात अजून असतील. घर पाडून बंगला बांधताना हे कागद रद्दीत जातात आणि माणसे तर वाट पाहत नाहीत. आमच्या जमातींनी, मदरशांनी आणि शाळांनी, रत्नागिरीच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विभागांनी ते गोळा करायला हवेत. वहीचे फोटो काढून ठेवायला फार पैसे लागत नाहीत. म्हाताऱ्याजवळ बसून तासभर बोलणे मोबाइलवर टिपायला तर काहीच लागत नाही.

प्रत्येक वहीत, प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न आवर्जून विचारावा. बोटीत माल किती होता हे तर विचाराच, पण तुम्ही झोपत कुठे होता, तेही विचारा.